न वापरलेल्या कार्डाची सोळा बिलं

१

बाइंडरकाकांनी चार वर्षांत ज्या क्रेडिट कार्डाला हात लावला नव्हता, त्या कार्डावर कुणीतरी सोळा वेळा खरेदी केली होती.

हे त्यांना कळलं बँकेच्या काउंटरवर, आणि तेही कौतुकाच्या रूपात.

"काका, कार्ड छान सांभाळलंय तुम्ही," कारकून म्हणाला. "दर तीन महिन्यांनी थोडंसं वापरता, तारखेच्या आत पूर्ण भरता. म्हणून तर एवढं मोठं लिमिट शाबूत राहिलंय."

"मी वापरतो?" काका म्हणाले.

कारकुनाने उत्तरादाखल दोन पानं छापून त्यांच्या हातात दिली.

काका खरं तर एवढंच विचारायला आले होते, की हॉस्पिटलचे पैसे बँकेला कधीपर्यंत भरायचे. आठ दिवसांपूर्वी त्यांच्या मुलाचं अपेंडिक्स फुटलं होतं. विम्याचे पैसे मिळणार होते, पण मागाहून; हॉस्पिटलला आगाऊ रक्कम तिथल्या तिथे हवी होती. सुनेने अडीअडचणीसाठी म्हणून दीड वर्षं पर्समध्ये जपून ठेवलेलं स्वतःचं कार्ड पुढे केलं. मशीनने ते नाकारलं. पुन्हा घातलं, पुन्हा नाकारलं. तेव्हा काका रिक्षा करून घरी गेले आणि बाइंडिंगच्या खोलीतल्या फळीवरचा पत्र्याचा डबा उघडून आपलं कार्ड घेऊन आले. ते बायकोने हट्टाने काढायला लावलं होतं. चार वर्षांपूर्वी ती गेली, त्याच्या आधीच त्यांनी ते डब्यात टाकलं होतं ते टाकलंच होतं. चालेल अशी आशा नव्हती. पिन बायकोनेच ठरवलेला होता, लग्नाचं वर्ष. तो दाबला आणि एका क्षणात पावती बाहेर आली.

पावती खिशात घालून काका जरा टेकतात न टेकतात, तोच त्यांचा मेहुणा धापा टाकत हजर झाला. "दाजी, घाबरू नका, मी आहे," म्हणाला आणि रात्रीपर्यंत हलला नाही. मुलगा वाचला.

आणि आता ही दोन पानं. काका घरी आले आणि त्यांनी ती सुनेपुढे ठेवली. तिने बोट फिरवत वाचलं. सोळापैकी अकरा खरेद्या बाइंडिंग सामानाच्या दुकानातल्या होत्या, उरलेल्या औषधांच्या. रक्कम प्रत्येक वेळी एखाद-दुसऱ्या वहीच्या किमतीएवढी.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुमच्या डब्याशेजारी दिवसभर कोण बसतं? आणि त्या दुकानात सामान आणायला कोण जातं?"

काकांना उत्तर माहीत होतं. म्हणूनच त्यांनी ते दिलं नाही.

२

काकांच्या खोलीत छापील पानांचे फर्मे शिवायला बारा वर्षांपासून एक बाई येत. सगळे त्यांना शिलाईताई म्हणत. त्यांनी शिवलेलं पुस्तक ओढलं तर पान फाटेल, पण दोरा सुटणार नाही, असं काका गिऱ्हाइकांना सांगत.

दुसऱ्या दिवशी सुनेने ती दोन पानं त्यांच्यापुढे धरली. ताई भांडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. हातातला फर्मा शेवटच्या टाक्यापर्यंत शिवला, गाठ मारली आणि सुई गादीत खोचून ठेवली.

"काका, तुम्हालाही तसंच वाटतं का?"

काकांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही. ताईंनी पायऱ्या उतरताना एकदाही मागे पाहिलं नाही.

त्या दिवशी काकांना अन्न गोड लागलं नाही. संध्याकाळी ते उठले आणि कागद नि कार्ड घेऊन दोन गल्ल्या पलीकडे खिडकीमावशींकडे गेले.

मावशींनी सव्वीस वर्षं बँकेत तक्रारीच्या खिडकीमागे काढली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी लोक अजून त्यांच्या दारातच रांग लावत. खोटं बोलणारा माणूस खिडकीच्या कट्ट्यावर कोपर ठेवत नाही, असा त्यांचा एक सिद्धांत होता. तो खरा होता की नाही कोण जाणे, पण त्यांच्यासमोर सगळे कोपर ठेवूनच बसत.

मावशींनी दोन्ही पानं वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

"बाइंडर, चोर पैसे नेतो. परत आणून भरत नाही. इथं तर सोळाच्या सोळा बिलं वेळेत भरलीत. तुमचं दमडीचंही नुकसान झालेलं नाही."

"मग हे कुणी आणि कशासाठी केलं?"

"कशासाठी ते आधी सांगते, सोपं आहे. सुनेचं कार्ड का चाललं नाही, विचारलंत तिला?"

"बँकेने लिमिट पाव करून टाकलं होतं म्हणे. ईमेल आला होता, तिने उघडलाच नव्हता. पण मावशी, तिने तर ते जपून ठेवलं होतं!"

"तिथंच लोक फसतात. कार्ड नुसतं पडून राहिलं की बँकेला वाटतं, या माणसाला एवढ्या लिमिटची गरज दिसत नाही. मग ती लिमिट कापते, कधी कार्डच बंद करते. सगळ्या बँका करतात असं नाही, केव्हा करतील तेही सांगता येत नाही. पण करू शकतात. पडीक जमीन आणि पडीक कार्ड, दोन्हींवर दुसऱ्याची नजर जाते. कार्ड जिवंत ठेवायचं तर अधूनमधून थोडं वापरावं आणि वेळेत पूर्ण फेडावं. हे ज्याला माहीत होतं, त्याने तुमचं कार्ड चार वर्षं जिवंत ठेवलं. नाहीतर त्या दिवशी तुमचंही मशीनमधून तसंच बाहेर आलं असतं."

चोराचे आभार मानायची पाळी येते की काय, असं काकांच्या चेहऱ्यावर होतं.

मावशींनी कार्ड उजेडात धरलं, उलटंपालटं केलं आणि टेबलावर ठेवलं.

"डब्यात तुम्ही ठेवलं होतं ते हेच कार्ड?"

"हेच. दुसरं आहे कुठं माझ्याकडे?"

"हे ते नाही," मावशी म्हणाल्या. "यावरची तारीख बघा, हे दोन वर्षांपूर्वी छापलेलं आहे."

३

जुन्या कार्डाची मुदत संपली की बँक नवं पाठवते. ते नवं कार्ड कुणीतरी घेतलं होतं, चालू केलं होतं, त्याला जुनाच पिन दिला होता आणि जुन्याच्या जागी डब्यात ठेवून दिलं होतं. काकांना पत्ताही नव्हता.

"म्हणजे पिन ठाऊक असलेला माणूस," मावशी म्हणाल्या. "आणि तुमच्या खोलीत कुणी अडवत नाही असा. अशी माणसं किती?"

काकांनी तीन बोटं वर केली. सून, शिलाईताई आणि मेहुणा. मुलगा चार वर्षं परगावीच नोकरीला होता; गेल्याच महिन्यात बदली होऊन घरी आला होता.

मेहुण्याचा विचार काकांनी लगेच झटकून टाकला. तो पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायचा आणि गावभर त्याला उधारमामा म्हणत. रविवारी सकाळी चहाला यायचा, दोन विनोद सांगायचा आणि उठताना हमखास म्हणायचा, "दाजी, शनिवारपर्यंत थोडे द्या." कुठला शनिवार ते कधी सांगत नसे.

"तो सोळा बिलं तारखेच्या आत भरेल? मावशी, त्याने स्वतःच्या लग्नाच्या हॉलचे पैसे मुंजीच्या वयाचा पोरगा झाल्यावर भरलेत."

मावशी हसल्या, पण बोट काही खाली घ्यायला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या काकांच्या घरी आल्या. सुनेला त्यांनी एकच गोष्ट विचारली, "तू बिलं कशी भरतेस?"

"फोनवरून. मावशी, रोख पैसे माझ्या पर्समध्ये नसतातच. आणि बँकेत जायला वेळ कुणाला आहे? सकाळी सात ते तीन मी लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या मोजत असते."

मावशींनी कागदावर एक बारीक खूण केली. सोळाही बिलं शाखेच्या काउंटरवर रोख भरलेली होती, आणि तो काउंटर एक वाजता बंद होत असे.

तिथून त्या काकांना घेऊन शिलाईताईंच्या घरी गेल्या. ताईंनी दार उघडलं, पाणी दिलं. काकांकडे पाहिलं नाही.

"मागच्या वर्षी तुमचं मनगट मोडलं होतं ना?" मावशींनी विचारलं.

"हो. दोन महिने प्लास्टरमध्ये होतं. थोरल्या बहिणीकडे राहिले होते, तिकडे दुसऱ्या गावी. का हो?"

मावशींनी कागद काकांपुढे धरला. त्या दोन महिन्यांच्या बरोबर मधोमध, बाइंडिंग सामानाच्या दुकानात एक खरेदी होती.

काकांना ते मनगट आठवत होतं. ते ताईंना भेटायला त्या गावी जाऊनही आले होते. तरीही त्या दिवशी ते गप्प बसले होते.

"ताई," ते म्हणाले, "मला तसं कधीच वाटलं नव्हतं. पण मी तसं म्हणालो नाही. हा गुन्हा त्या सोळा बिलांपेक्षा मोठा आहे."

ताईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पण काका, दोरा संपत आलाय असं मी म्हणायचे, आणि दोन दिवसांत फळीवर नवं रीळ दिसायचं. मला वाटायचं तुम्हीच आणता."

"मला वाटायचं तुम्ही आणता," काका म्हणाले.

दोघांनी एकदमच मावशींकडे पाहिलं.

४

रविवारी सकाळी उधारमामा नेहमीप्रमाणे चहाला आला. मावशी आधीच बसल्या होत्या. सून होती, आणि कोपऱ्यात शिलाईताईही होत्या. काकांनी हात जोडून बोलावल्यावर आल्या होत्या.

"आज पंचायत दिसते," मामा म्हणाला. "माझ्याकडे कुणाचं काही निघत असेल तर आत्ताच सांगतो, शनिवारी."

"तसलं काही नाही," मावशी म्हणाल्या. "भाच्याच्या वेळी तुम्ही धावत आलात म्हणे. कौतुकच वाटलं. तुम्हाला कळवलं कुणी?"

"कळवलं? सूनबाईंनी फोन केला की."

"मी नाही केला, मामा," सून म्हणाली. "मला तेव्हा काही सुचतच नव्हतं. बाबांनी केला असेल."

"मी तर तुला बघून चकित झालो होतो," काका म्हणाले. "पण विचारायचं राहूनच गेलं."

मामाने बशीत चहा ओतला. थोडा सांडला.

"मग हॉस्पिटलमधल्याच कुणीतरी सांगितलं असेल. माझ्या ओळखी कमी आहेत का!"

"बाइंडर," मावशी शांतपणे म्हणाल्या, "कार्डाने पैसे गेले की बँक त्याच मिनिटाला फोनवर मेसेज पाठवते. किती गेले, कुठं गेले, सगळं त्यात असतं. चार वर्षांत तुम्हाला असा एकही मेसेज आला?"

"नाही."

"त्या दिवशी एवढी मोठी रक्कम गेली, तेव्हा?"

"तेव्हाही नाही."

"म्हणजे बँकेकडे तुमचा नंबर नाहीच. दुसऱ्याच कुणाचा आहे. बिलाची तारीख त्यालाच कळते. नवं कार्ड आलं तेव्हा कुरियरवाल्याने त्यालाच फोन केला. आणि त्या दिवशी हॉस्पिटलचं नाव त्यालाच दिसलं." त्यांनी छापील कागदाच्या डोक्यावर नख ठेवलं. "पूर्ण नंबर छापत नाहीत. शेवटचे चार आकडे आहेत. वाचा."

काकांनी वाचले. तो नंबर त्यांना झोपेतही पाठ होता.

"हा तिचा आहे," ते म्हणाले. "माझ्या बायकोचा. पण तो तर कधीच बंद झाला असेल. मी चार वर्षांत लावून पाहिला नाही. हिंमतच झाली नाही."

"मग आज लावा," मावशी म्हणाल्या.

काकांनी फोन उचलला. दहा आकडे दाबायला त्यांना बराच वेळ लागला.

मामाच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात फोन वाजू लागला.

५

मामाने तो बाहेर काढला. बटणांचा छोटा जुना फोन होता, पाठीला रबर लावलेला. पडद्यावर 'हे' अशी एकाच अक्षराची नोंद चमकत होती. काकांचा नंबर त्यांच्या बायकोने तसाच ठेवला होता.

"बंद करा ना, दाजी," मामा म्हणाला. "मी सांगतो."

जन्मभर ज्याने तोंडाच्या बळावर वेळ मारून नेली, तो आता शाळेतल्या पोरासारखा उभा होता.

"अक्का शेवटच्या आजारात होती तेव्हाची गोष्ट. तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात. तिने उशीखालून हा फोन काढून दिला आणि म्हणाली, 'डब्यात कार्ड आहे, पिन आमच्या लग्नाचं वर्ष. दर तीन महिन्यांनी त्याने दाजींच्या कामाचं काहीतरी आण, पैसे तारखेच्या आत बँकेत भर आणि कार्ड परत ठेव. त्यांना सांगू नकोस. सांगितलंस तर कात्रीने तुकडे करतील.'"

"केलेच असते," काका पुटपुटले.

"मी म्हटलं, 'अक्का, डोकं ठिकाणावर आहे ना? गल्लीतला वाणी मला काडेपेटी उधार देत नाही आणि तू कार्ड देतेस?' ती म्हणाली, 'तू पैसे देताना उशीर करतोस. बुडवत नाहीस. फरक मला कळतो.'" मामाने बाहीने नाक पुसलं. "दाजी, मला आयुष्यात कुणी विश्वासाने काही सोपवलं असेल तर एवढंच. म्हणून ही एक तारीख नाही चुकवली. दोरा, सुया, खळीचं सामान आणायचो. कधी तुमचीच ती गुडघ्याची मलमं. दोनदा हातात दमडी नव्हती, तेव्हा तुमच्याकडूनच घेऊन तुमचं बिल भरलं. तेवढं माफ करा."

हसावं की रडावं हे कुणालाच कळेना. पहिल्यांदा शिलाईताई हसल्या, आणि मग सून हुंदका देऊन रडू लागली.

"मामा, त्या दिवशी तुम्ही मला पाणी आणून दिलंत," ती म्हणाली. "आणि मी मनात म्हणत होते, हा माणूस इथंही उधार मागायला आला." ती उठली, मामाच्या पाया पडली, मग वळून शिलाईताईंपुढे वाकली. ताईंनी तिला मध्येच धरलं.

"पुरे. त्या दिवशी तू नवऱ्यासाठी अर्धी झाली होतीस," त्या म्हणाल्या. "अशा वेळी माणूस कुणावर तरी रागावतोच. पण पुन्हा मला आधी विचार."

"विचारीन."

मावशींनी आपला चष्मा डबीत ठेवला. "दुसऱ्याचं कार्ड असं वापरणं बँकेच्या नियमात बसत नाही. मी सव्वीस वर्षं लोकांना हेच सांगत आले. तेव्हा बाइंडर, उद्या शाखेत जा, तुमचा नंबर नोंदवा आणि इथून पुढे कार्ड स्वतः वापरा. आणि मी आज इथं नुसता चहा प्यायले."

"मावशी, तुमचे उपकार..."

"माझे कसले? मी फक्त बेरीज केली. आकडे चार वर्षं दुसराच मांडत होता."

६

तीन दिवसांनी मुलगा घरी आला. टाके दुखत होते, तरी हट्टाने बाइंडिंगच्या खोलीत खुर्ची टाकून बसला. शिलाईताई फर्मे शिवत होत्या. सुनेने स्वतःच्या कार्डाने त्यांच्यासाठी डोळ्यांना त्रास न देणारा दिवा आणला होता आणि बिलाची तारीख फोनवर लावून ठेवली होती. मुलाला सगळं सांगून झालं होतं. त्याने नुसता मामाचा हात धरून ठेवला. मामाने चारदा विनोद सुरू केला आणि चारदा अर्धवट सोडला.

दुपारी सगळे पांगल्यावर काका आणि मामा दोघेच उरले. काका एका जाड ग्रंथाच्या पुठ्ठ्यावर कापड ताणत होते.

"मी तिचे कधी आभार मानले नाहीत," काका म्हणाले. "घरात कोण कुणाचे मानतं? आता वाटतं, तिने जाताना एवढा पुढचा विचार केला, आणि मी मात्र तिचं नाव निघालं की उठून जायचो. कुणाला काही विचारलंच नाही."

"विचारा ना."

काकांनी कापडावरचा हात काढला. "त्या दिवशी, मी औषधं आणायला गेलो तेव्हा... आणखी काही बोलली का ती?"

मामा खिडकीतून बाहेर बघत होता. त्याने घाई केली नाही.

"बोलली. म्हणाली, 'हा माणूस सगळ्यांच्या उपयोगी पडेल, पण स्वतःवर वेळ आली तर कुणापुढे हात पसरणार नाही. मला तेवढीच काळजी आहे. त्याच्यावर मागायची वेळच येऊ देऊ नकोस.'"

काकांच्या हातांना खळ लागलेली होती, त्यामुळे त्यांना डोळे पुसता आले नाहीत. ते तसेच राहिले. चार वर्षांनी त्यांना आपल्या बायकोचं एक नवं वाक्य ऐकायला मिळालं होतं.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.

मामाने खुर्ची जवळ ओढली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.